व्यसन सुटणे आणि सुटलेले राहणे

‘व्यसन’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने योजतो, तेवढाच त्याचा अर्थ पूर्वी नव्हता. ‘वि’ हा उपसर्ग आणि फेकणे या अर्थाचा ‘अस्’ धातू यांपासून सिद्ध होणाऱ्या या शब्दात आपल्या हितापासून दूर फेकले जाण्याची कल्पना आहे. आणि म्हणून संकट, आपत्ती हाही त्याचा तितकाच रूढ अर्थ होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राज्यावर ओढवणाऱ्या आपत्तींचा विचार केलेला आहे. अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ यांचा विचार त्यात येतो आणि मृगया, द्यूत, स्त्रिया व मद्यपान या चार कामज दोषांचाही येतो. मद्यपान आणि महापूर यांस एकाच अधिकरणात स्थान देणाऱ्या त्या ग्रंथकाराची दृष्टी राज्यव्यवहाराची होती, वैद्यकाची नव्हती, हे खरे. तथापि व्यसन हे माणसावर कोसळते आणि माणूस ते करतोही, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात सामावल्या होत्या. पुढे मराठीत त्यातला आपत्तीचा अर्थ मागे पडला आणि दुर्गुणाचा तेवढा उरला. त्याचे परिणाम आपल्या घरांतून व रुग्णालयांतून आजही दिसतात.

याहूनही जुना पुरावा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्ताचा आहे. त्यातील जुगारी आपली दुर्दशा पूर्णपणे जाणतो. पत्नी दुरावली आहे, सासू द्वेष करते, कर्ज मागावयास गेल्यास कोणी उभे करीत नाही. पुन्हा खेळावयाचे नाही असा तो निश्चयही करतो. पण फाशांचा आवाज कानी पडताच त्याचा निश्चय ढळतो आणि त्याची पावले द्यूतगृहाकडे वळतात. व्यसनी मनुष्यास आपले हित कळत नाही, ही समजूत किती उथळ आहे हे दाखविण्यास ते एक सूक्त पुरेसे आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या रोगवर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत जुगाराचा समावेश मद्य व मादक द्रव्ये यांच्याच प्रकरणात केला, तेव्हा कित्येकांस ते नावीन्य वाटले. ज्यात शरीरात काहीच शिरत नाही ते व्यसन कसे, अशी शंका घेतली गेली. ती शंका व्यसनाचे सारे बळ द्रव्यात आहे या गृहीतावर उभी होती, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ते गृहीतच होय.

व्यसनाच्या उपचारात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिला, द्रव्य शरीरातून सुरक्षितपणे काढावयाचे कसे. आणि दुसरा, ते गेल्यावर मनुष्याने त्यावाचून राहावयाचे कसे. पहिला प्रश्न शरीरक्रियेचा असून त्याची उकल बरीचशी झालेली आहे. दुसऱ्यात मनाची घडण, सोबतचे मनोविकार, घर, धंदा, शेजार आणि संगत या सर्वांचा संबंध येतो. पहिला प्रश्न सुटला म्हणजे दुसराही सुटला असे समजणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडलेली चूक होय.

पहिल्या प्रश्नाविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. पण त्यातील एक गोष्ट प्रत्येकास ठाऊक असावयास हवी. मेंदूतील चेतापेशींस शांत करणारी एक रासायनिक यंत्रणा आहे आणि उत्तेजित करणारी दुसरी. मद्य पहिलीस बळ देते व दुसरीस दाबते. रोजच्या मद्यपानाने मेंदू या परिस्थितीशी जुळवून घेतो. शांत करणारी यंत्रणा मंदावते, उत्तेजक यंत्रणा वाढते, आणि पूर्वीइतकाच परिणाम साधण्यास अधिक मद्य लागू लागते. अशा अवस्थेत मद्य एकाएकी तोडले तर दाब निघालेली उत्तेजना मोकाट सुटते. काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा संभव असतो. आणि काहींच्या बाबतीत साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ज्वर व प्रचंड अस्वस्थता यांनी युक्त असा कंपोन्माद होतो, ज्यात उपचाराभावी मृत्यूही ओढवतो. अफू, हेरॉइन यांच्या बाबतीत लोकांची कल्पना नेमकी उलटी असते. गर्द ओढणारे ज्या अवस्थेस आपल्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात ती अतिशय क्लेशकारक असली तरी अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढाच्या जिवावर क्वचितच बेतते. म्हणजे जे व्यसन समाजास सौम्य वाटते ते एकाएकी तोडणे अधिक धोक्याचे, आणि जे भयंकर वाटते ते तोडणे त्या मानाने निर्धोक. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसास शपथ घालून खोलीत कोंडून ठेवणाऱ्या घरच्या मंडळींस हे कोणी सांगितलेले नसते. या अवस्थेवर औषधे आहेत, ती गुणकारी आहेत, आणि बहुधा आठदहा दिवसांत हा टप्पा पार पडतो.

मग दुसरा प्रश्न उभा राहतो. त्याचे स्वरूप स्पष्ट करणारे जे एक संशोधन विसाव्या शतकात झाले ते मुळात सरकारी घबराटीतून जन्मास आले होते. १९७१ च्या प्रारंभी व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्यात हेरॉइनचा प्रसार झाल्याच्या वार्ता वॉशिंग्टनमध्ये येऊन पोहोचल्या. तेथे मिळणारे हेरॉइन स्वस्त व अतिशय शुद्ध होते. इतके की सुई न वापरता, तंबाखूत मिसळून ते ओढले तरी पुरे होई. हे हजारो तरुण मायदेशी परतले की शहरोशहरी व्यसनाची साथ पसरेल, अशी भीती निर्माण झाली. १७ जून १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका खास कार्यालयाची घोषणा केली आणि मनोविकारतज्ज्ञ जेरोम जॅफी यांस त्याचे प्रमुख नेमले. परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाच्या मूत्राची तपासणी व्हावी, आणि त्यात अंश आढळल्यास त्यास व्यसनमुक्त केल्यावाचून विमानात बसू देऊ नये, असे ठरले. पुढे या तरुणांचे काय होते हे पाहण्याचे काम जॅफी यांनी सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील ली रॉबिन्स यांच्याकडे सोपविले.

रॉबिन्सबाई मूळच्या समाजशास्त्रज्ञ. बालमार्गदर्शन केंद्रात येऊन गेलेल्या मुलांचा तीस वर्षांनंतर शोध घेऊन त्यांनी १९६६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला होता, त्यामुळे दीर्घकालीन अनुधावनाच्या पद्धतीत त्यांचा अधिकार मान्य झालेला होता. त्यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांतून दोन नमुने निवडले. एक सर्वसाधारण सैनिकांचा, आणि दुसरा ज्यांच्या मूत्रात मादक द्रव्य आढळले होते त्यांचा. परतल्यानंतर आठ ते बारा महिन्यांच्या अवधीत एकंदर ८९८ जणांच्या प्रत्यक्ष मुलाखती झाल्या, आणि निवडलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के माणसे हाती लागली. देशभर विखुरलेल्या तरुणांच्या बाबतीत हे प्रमाण गाठण्यास काय कष्ट पडले असतील याची कल्पना क्षेत्रकार्य केलेल्या विद्यार्थ्यांस येईल. माणसे हाती न लागणे हाच अनुधावनाच्या अभ्यासातील मोठा दोष असतो. कारण जी सापडत नाहीत त्यांचीच अवस्था बहुधा अधिक बिकट असते.

प्रथम जे आढळले ते भीतीस दुजोरा देणारेच होते. सर्वसाधारण नमुन्यातील जवळजवळ निम्म्यांनी व्हिएतनाममध्ये अफू वा हेरॉइन यांपैकी काहीतरी चाखले होते, आणि सुमारे एकपंचमांश तरुण तेथे व्यसनाधीन झाले होते. द्रव्य न मिळाल्यास होणारा त्रास त्यांनी स्वतः अनुभवला होता. पण त्यानंतरची आकडेवारी कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हती. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचे प्रमाण होते ५ टक्के. तीन वर्षांच्या अखेरीसही ते १२ टक्क्यांवर गेले नाही, आणि त्या १२ टक्क्यांतही पुष्कळांचे पुनर्पतन अल्पकालीन होते. यांपैकी फार थोड्यांनी मायदेशी कसलेही उपचार घेतले होते, म्हणून हे श्रेय उपचारास देता येत नाही. द्रव्य त्यांच्या दृष्टीआड झाले होते असेही नाही. जवळजवळ निम्म्यांनी परतल्यावर केव्हातरी पुन्हा ते घेतले होते. घेतले, आणि तरीही ते व्यसनात परतले नाहीत. हेरॉइनची एक फुंकर म्हणजे जन्माची गुलामी, या तेव्हा सर्वमान्य असलेल्या सिद्धान्तास याहून मोठा धक्का बसणे शक्य नव्हते. सरकारला सोयीचे असे हे निष्कर्ष म्हणून अनेकांनी त्यांकडे प्रथम संशयानेच पाहिले.

या अभ्यासाचा निर्देश पुष्कळदा होतो, पण त्याचा अर्थ बेताने लावला जात नाही. परिस्थिती बदलली की व्यसन जाते, असे एक सुटसुटीत सूत्र त्यातून काढले जाते. वस्तुतः परतलेल्या तरुणाच्या बाबतीत एकच नव्हे, अनेक गोष्टी एकदम बदलल्या होत्या. द्रव्य महाग व भेसळीचे झाले होते आणि त्यासाठी सुई टोचून घ्यावी लागणार होती. अटकेचे भय होते. आईवडील, पत्नी, नोकरी, शिक्षण ही समोर होती. व्हिएतनाममधील बराकीत जो व्यवहार पुष्कळांचा होता, तो येथे थोड्या निंद्य माणसांचा होता. यांपैकी कोणत्या घटकाचे किती बळ, हे या अभ्यासावरून वेगळे काढता येत नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. युद्धाच्या भीषणतेतून सुटका म्हणून सैनिक हेरॉइनकडे वळले, हे स्पष्टीकरण सर्वांस पटण्याजोगे होते. पण सैन्यात येण्यापूर्वीचे वर्तन हिशेबात घेतल्यावर प्रत्यक्ष लढाईचा अनुभव आणि हेरॉइनचा वापर यांत संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो आधीच्या इतिहासाशी: शाळा सोडणे, लहानपणीची दांडगाई, पूर्वीचे द्रव्यसेवन. म्हणजे परिस्थितीने संधी दिली, पण त्या संधीस कोण किती बळी पडले हे प्रत्येकाने बरोबर आणलेल्या गोष्टींवर ठरले.

मायदेशातील नेहमीच्या व्यसनी माणसाची गोष्ट याच्या नेमकी उलट होती. केंटकी संस्थानातील लेक्झिंग्टन येथे १९३५ साली अमेरिकन सरकारने व्यसनी रुग्णांसाठी एक प्रचंड रुग्णालय उघडले होते. तेथे महिनोन्महिने द्रव्यावाचून राहिलेली, अंगाने धष्टपुष्ट झालेली माणसे घरी जात आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा व्यसनात पडत. तेथे काम करणाऱ्या एब्रहॅम विक्लर यांनी रुग्णांच्या बोलण्यातून एक विलक्षण गोष्ट टिपली. शरीरातून द्रव्य जाऊन कित्येक महिने लोटल्यावरही, आपल्या जुन्या वस्तीत पाऊल ठेवताच काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे, मळमळे, अंगावर काटा येई. म्हणजे द्रव्य तोडल्यानंतरची लक्षणेच पुन्हा प्रकट होत. विक्लर यांनी याचे स्पष्टीकरण पावलोव्ह यांच्या अभिसंधानाच्या उपपत्तीने केले. जेथे द्रव्याचा तुटवडा पुनःपुन्हा सोसला ती गल्ली, तो जिना, तो मित्र ही सारी उद्दीपके बनलेली असतात. फाशांच्या आवाजाने वैदिक जुगाऱ्याचे जे झाले तेच हे. सैनिकाची उद्दीपके दहा हजार मैलांवर राहिली. लेक्झिंग्टनचा रुग्ण रेल्वेतून उतरून थेट त्यांच्यात जाऊन उभा राही. आपल्याकडील व्यसनमुक्ती केंद्रातून महिनाभराने बाहेर पडणारा माणूस या दोहोंपैकी कोणासारखा आहे, हे सांगावयास नको.

या उद्दीपकांचे बळ इतके का, याविषयी १९९३ साली टेरी रॉबिन्सन व केंट बेरिज यांनी मांडलेली उपपत्ती मराठीत सहज सांगता येते, कारण आपल्याजवळ ‘आवड’ आणि ‘ओढ’ हे दोन निराळे शब्द तयार आहेत. त्यांच्या मते मेंदूत सुखाची यंत्रणा आणि ओढीची यंत्रणा या भिन्न आहेत. द्रव्याच्या वारंवार सेवनाने ओढीची यंत्रणा, जिच्यात डोपामीन हे रसायन प्रमुख आहे, अधिकाधिक संवेदनशील होत जाते. आवड मात्र तेवढीच राहते किंवा ओसरते. म्हणून ‘आता त्यात काही मजा राहिली नाही’ असे म्हणणारा मनुष्य त्याच संध्याकाळी गुत्त्यावर दिसतो आणि घरच्यांस तो लबाड वाटतो. तो लबाड असेलही. पण ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत.

आता मनोविकारांकडे वळू. रॉबिन्सबाईंचे नाव येथेही येते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील पाच ठिकाणी सुमारे वीस हजार प्रौढांची जी पाहणी झाली, तिच्यासाठी वापरलेली प्रश्नावली रचण्यात त्यांचा प्रमुख भाग होता. १९९० साली डॅरेल रेगिअर व सहकाऱ्यांनी या पाहणीच्या आधारे दाखविले की मद्यविकार असलेल्यांपैकी ३७ टक्क्यांस आयुष्यात केव्हातरी दुसरा एखादा मनोविकार झालेला होता, आणि इतर मादक द्रव्यांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होते. हे निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक आहे. विषादविकार, चिंताविकार, द्विध्रुवीय विकार, छिन्नमनस्कता या सर्वांची व्यसनाशी सोबत आढळते. प्रश्न एवढाच की यांत आधी कोण?

रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे उत्तर ठरलेले असते: दुःख आधी, दारू मागून. धंद्यात खोट आली, बायको गेली, भावाने फसविले, म्हणून तो पिऊ लागला. याला शास्त्रीय रूप देणारी स्वोपचाराची उपपत्ती एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ साली मांडली. मनुष्य आपल्या विशिष्ट वेदनेवर उतारा म्हणून विशिष्ट द्रव्य निवडतो, असे तिचे सार. तीत सहृदयता आहे आणि काही रुग्णांच्या बाबतीत ती यथार्थही आहे. परंतु जॉर्ज व्हेलंट यांनी हार्वर्डचे पदवीधर आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतील मुलगे अशा दोन गटांचा, १९४० च्या सुमारास सुरू झालेल्या नोंदींच्या साहाय्याने, दशकानुदशके मागोवा घेतला, तेव्हा चित्र बरेच निराळे दिसले. पुढे मद्यपी झालेल्यांची बालपणे इतरांहून विशेष दुःखी नव्हती; घरात मद्यपानाचा इतिहास असणे हे अधिक महत्त्वाचे ठरले; आणि विषाद पुष्कळदा मद्यपानाच्या मागून आलेला होता. मागे वळून पाहणारी स्मृती कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करते. केवळ मुलाखतीवर विसंबणाऱ्या संशोधकाने हा इशारा भिंतीवर लावून ठेवावा.

याचीच दुसरी बाजू सँड्रा ब्राउन व मार्क शुकिट यांनी १९८८ साली दाखविली. रुग्णालयात दाखल झालेल्या १९१ मद्याधीन पुरुषांपैकी ४२ टक्क्यांत प्रारंभी विषादाची तीव्र लक्षणे होती. मद्यावाचून चार आठवडे लोटल्यावर, विषादावर कोणतेही औषध न देता, हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. म्हणजे त्या विषादाचा मोठा भाग मद्यानेच निर्माण केलेला होता. यावरून शहाणा वैद्य घाईने निदान करीत नाही. परंतु घाई न करणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. त्या चार आठवड्यांतील विषाद, तो मद्यजन्य असला तरी, सोसणाऱ्यास खराच असतो, आणि त्यात आत्महत्येचा धोकाही खराच असतो. शिवाय जे ६ टक्के उरतात त्यांचे काय? त्यांचा विषाद आपोआप जाणारा नाही; त्यावर उपचार न करता त्यांस ‘आता मन घट्ट करा’ म्हणून घरी पाठविणे हे त्यांस गुत्त्याच्या वाटेवर आणून सोडण्यासारखे आहे. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाचे तर फारच हाल होतात. मनोरुग्णालयात सांगतात, आधी व्यसन सोडवून या. व्यसनमुक्ती केंद्रात सांगतात, आधी मानसिक आजार बरा करून या. एका माणसास दोन खिडक्यांपुढे आळीपाळीने उभे करण्याची ही पद्धत शास्त्रास धरून नाही, आणि आता कायद्यासही धरून नाही. कारण भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मानसिक आजाराच्या व्याख्येतच मद्य व मादक द्रव्ये यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश केलेला आहे.

व्यसनातून बाहेर आलेले लोक बाहेर कसे राहतात, याविषयी व्हेलंट यांचे निरीक्षण आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटते. दीर्घकाळ मद्यमुक्त राहिलेल्यांच्या आयुष्यात त्यांस चार गोष्टी वारंवार आढळल्या. पिणे तत्काळ अंगाशी येईल अशी काही बाहेरची देखरेख. जुन्या सवयीची जागा घेणारी दुसरी एखादी नित्याची गोष्ट. पूर्वी दुखावलेल्या नात्यांचे ओझे ज्यांवर नाही अशी नवी नाती. आणि आशा व स्वाभिमान परत देणारा, बहुधा श्रद्धेवर उभा असलेला समूह. चारांपैकी दोन वा अधिक असतील तर टिकाव अधिक लागे. अ‍ॅक्रन गावी १९३५ साली एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून जन्मलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मंडळात या चारही गोष्टी एकत्र सापडतात. त्या मंडळाच्या पद्धतीकडे विद्यापीठीय वर्तुळांतून पुष्कळ दिवस भाबडेपणा म्हणून पाहिले गेले. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत, २७ अभ्यासांचा परामर्श घेऊन, अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत त्या मंडळाशी रुग्णास जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरल्याचा निर्वाळा देण्यात आला.

महाराष्ट्रातील वाचकास या चार गोष्टी वाचताना माळकऱ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य व मांस वर्ज्य. माळ सर्वांस दिसते, म्हणून सारे गाव देखरेख ठेवते. संध्याकाळ रिकामी राहत नाही, कारण भजन असते. दिंडीतील सोबती त्याच्या जुन्या उधाऱ्या व भांडणे यांच्या बाहेरचे असतात. आणि आषाढी-कार्तिकी त्याच्या वर्षास एक नवा क्रम देते. माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्या खेड्यापाड्यांतून सर्वांच्या पाहण्यात आहेत. माळ काढून ठेवून पिणारीही आहेत. या दोहोंत फरक कशाने पडतो, हा विषय एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधास घेण्याजोगा आहे. अनुधावन मात्र रॉबिन्सबाईंच्या धर्तीवर, न सापडणाऱ्यांसही शोधून काढण्याच्या निश्चयाने झाले पाहिजे.

पुण्यात १९८० नंतरच्या वर्षांत गर्दचा फैलाव झाला तेव्हा डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे साहाय्य त्यास लाभले. तेथील कामाचा सर्वांत बोधप्रद भाग आमच्या मते रुग्ण घरी गेल्यानंतरचा आहे. कुटुंबीयांस उपचारात ओढणे, गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका घेणे, आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्यांस कार्यकर्ते म्हणून कामास लावणे, या गोष्टी व्यसनाच्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट भिडणाऱ्या आहेत.

औषधांस मात्र आपल्याकडे अकारण नाके मुरडली जातात. हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन नियमित देण्याची पद्धत व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी न्यू यॉर्क येथे १९६५ साली प्रसिद्ध केली; आज भारतातही ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन यांचा त्या कामी उपयोग होतो. एक व्यसन सोडवून दुसरे लावले, हा त्यावरील आक्षेप ऐकावयास बिनतोड वाटतो. पण सुई, तुरुंग व चोरी यांच्या चक्रात फिरणारा माणूस आणि रोज ठरलेले औषध घेऊन कामावर जाणारा माणूस यांस एकच म्हणणे, हा शब्दांचा खेळ झाला. येथे जिवाचाही प्रश्न आहे. द्रव्यावाचून काही आठवडे गेले की शरीराची ते सोसण्याची शक्ती उतरते. मनुष्य पुन्हा जुन्या मात्रेने घेतो आणि श्वास बंद पडून मरतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानात तुरुंगातून सुटलेल्या सुमारे तीस हजार कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका इतर रहिवाशांच्या मानाने १२९ पट होता. द्रव्य शरीरातून काढून टाकणे हाच उपचार समजून माणसास मोकळे सोडण्याचा याहून कठोर हिशेब दुसरा नाही.

आपल्या देशाची स्थिती काय आहे? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे २ कोटी ९० लाख होती, आणि अशा ३८ जणांमागे एकासच कसला ना कसला उपचार मिळाला होता; रुग्णालयात राहून उपचार मिळणारा १८० जणांत एक. या संख्येपुढे केवळ खाटा वाढविण्याचा विचार अपुरा पडतो. खाट पहिल्या प्रश्नासाठी लागते. दुसऱ्यासाठी लागते ती प्राथमिक आरोग्यकेंद्रात महिन्याकाठी भेटणारी, नाव ओळखणारी, विषादाची लक्षणे विचारणारी व्यक्ती, आणि रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी जाणारी व्यक्ती. असे काम सुशिक्षित सामाजिक कार्यकर्ता करू शकतो. आपल्या विभागातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जण त्याकडे वळतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

शेवटी, घरचे लोक नेहमी विचारतात त्या प्रश्नाविषयी: किती वेळा? दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा पिऊ लागलेल्या माणसाविषयी आशा सोडावी काय? जॉन केली व सहकाऱ्यांनी व्यसनाचा प्रश्न मागे टाकलेल्या अमेरिकन प्रौढांच्या राष्ट्रीय नमुन्यास, त्यापूर्वी किती वेळा मनापासून प्रयत्न केला होता, हे विचारले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तरांची सरासरी ५ हून थोडी अधिक निघाली. मध्यक मात्र २ होता. ज्या विद्यार्थ्यांनी संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यास केला आहे त्यांस या दोन आकड्यांतील अंतराचा अर्थ कळेल. बहुतेकांस एकदोन प्रयत्न पुरतात. थोड्यांस फार लागतात, आणि तेच सरासरी वर ओढतात. या थोड्यांत विषाद व चिंताविकार यांचा इतिहास असलेले लोक अधिक होते. पाचव्यांदा दाखल झालेल्या रुग्णाच्या कागदावर ‘इच्छाशक्तीचा अभाव’ असा शेरा मारण्यापूर्वी, मागील चार खेपांत त्याच्या विषादाची तपासणी कोणी आणि केव्हा केली होती, हे त्याच कागदावर शोधून पाहता येते.